बाबांनी कॉफी सोडली

नुकुअलोफा, टोंगा
८ मार्च १९७०

ती. बाबांना व्हर्लाचा शि. सा. नमस्कार,

आईचं पत्र वेगळं टाकलंय, त्यात सगळं छान छान आहे. खरं आहे ते तुमच्या पत्रात.

मला घरी यायचंय. दीड वर्षाच्या धर्मसेवेला निघाले तेव्हा मॅन्टायचं अख्खं चर्च निरोपाला लोटलं होतं. इथे येऊन तीन महिने झाले, पण माझं ऐकून बाप्तिस्म्याला तयार झालेलं एकही माणूस नाही. लोक प्रेमळ आहेत, हीच पंचाईत. पहिला धडा सुरू केला की पानात गुंडाळून भाजलेलं मांस पुढ्यात येतं, आणि पोट भरलं की हसतमुखाने निरोप. माझी जोडीदारीण लोसे इथलीच आहे. ती म्हणते की मी बोलत नाही, पाठ केलेलं म्हणून दाखवते. लागलं मला ते.

अर्ध्यातून परतले तर आईला गावात तोंड दाखवणं जड जाईल, कळतंय. पण तुम्ही आमच्या चर्चचे नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. येऊ का?

तुमची रडवेली,
व्हर्ला


मॅन्टाय, युटा
३० मार्च १९७०

चि. व्हर्लास बाबाचे आणि आवारातल्या समस्त टर्की पक्ष्यांचे आशीर्वाद. वि. वि.

यायचं तर खुशाल ये. पण त्याआधी तुमचे ते सहा धडे पत्रातून मला शिकव. एकतीस वर्षं तुझ्या आईशेजारी दर रविवारी चर्चमध्ये बसतोय. तिथलं छप्पर मीच दुरुस्त करतो, गाण्यात खालचा सूर मीच धरतो, पण बाप्तिस्म्याच्या पाण्यात काही उतरलो नाही. माझ्याइतकं घट्ट गिऱ्हाईक तुला सगळ्या टोंगात मिळायचं नाही. घे माझ्यावर हात साफ करून. पाठ केलेलं मात्र पाठवू नकोस, ते मला तुझ्याहून जास्त पाठ आहे.

आईला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. आमचं लग्न तुमच्या चर्चच्या टेकडीवरच्या मंदिरात झालं नाही, ते माझ्यामुळे, बाहेरच्याला तिथे प्रवेश नाही. मंदिरातलं लग्न मरणानंतरही टिकतं, असं तुम्ही मानता, आमचं मरेपर्यंतचं. आर्डिस बोलत नाही, पण भांडी घासताना खिडकीतून टेकडीकडे बघत राहते. मला दिसतं ते. तिला आशा लावून मागाहून मोडायची नाही. आणि तिला खूश करायला म्हणून मी उतरणारही नाही, ते खोटं होईल. पटलं तरच.

कॉफीचा विषय सगळ्यांत शेवटी घे, तुमच्यात ती वर्ज्य आणि मला ती सुटत नाही.

पत्र लवकर टाक, लोभ आहेच.
बाबा


नुकुअलोफा
३ मे १९७०

ती. बाबांना सा. न. वि. वि.

धड्यांवर केवढे प्रश्न काढता हो! देवदूत डोळ्यांनी बघूनही आमच्या धर्मग्रंथातले ते थोरले भाऊ कुरकुरतातच कसे, हे मी लोसेला विचारलं. ती म्हणाली की बाबांना थोरले भाऊ नसणार. तिला चार आहेत.

देवाला विचारायचं म्हणजे नक्की काय करायचं, या तुमच्या प्रश्नाला मात्र पाठ केलेलं उत्तर लिहिलं आणि खोडलं. बाबा, मी स्वतः कधी विचारलंच नव्हतं. घरात सगळे मानतात म्हणून मीही मानत आले. मग पहाटे किनाऱ्यावर एकटीच गेले आणि विचारलं. काय झालं ते नीट सांगता येत नाही, पण इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. त्या दिवशी एका घरात हेच जसंच्या तसं सांगितलं. घरातली बाई जेवण वाढायचं विसरून ऐकत बसली!

आता मी परत येत नाही. तुम्हीही विचारून बघा. गुडघे दुखत असतील तर उभ्याने विचारा.

आईला गोड पापा, तुम्हाला सहावा धडा. कॉफी त्यातच आहे.
व्हर्ला


मॅन्टाय
१४ जून १९७०

प्रिय व्हर्लास आईचे आशीर्वाद, आणि कानही पिळलाय असं समज.

तुझ्या बाबांनी अचानक कॉफी सोडली. भांडं तसंच चुलीवर कोरडं. मी म्हटलं, हा माणूस आजारी पडला. डॉक्टरचं नाव काढलं की उठून टर्कींकडे पळायचे, तेव्हा माझी खात्रीच पटली की पोटात काहीतरी भयंकर आहे. मी उपास धरला, आणि शेवटी न विचारता बिशपना बोलावलं. बिशप म्हणजे आपले शेजारचे हॅल्व्हरच, त्यात संकोच कसला? ते भावाला घेऊन तेलाची कुपी खिशात घालून आले. बाबांना स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, डोक्याला तेल लावलं, चार हातांनी डोकं धरलं, आणि हॅल्व्हर या दुखण्यातून उठव म्हणून देवाला विनवू लागले. तेवढ्यात हातांखालून बाबा म्हणाले की पोट ठणठणीत आहे, तुम्ही आलाच आहात तर बाप्तिस्म्याची तारीख सांगा.

भुवईवर तेल ओघळतंय आणि हे तारीख विचारताहेत! मी आधी रागावले, मग रडले, मग सगळ्यांना चेरीचा केक वाढला आणि स्वतःचा उपास मोडला. तुला सगळं ठाऊक होतं म्हणे. मुलगी माझी की त्यांची?

आनंदाने मला लिहवतही नाही. जपून राहा.
तुझी आई


मॅन्टाय
२८ जून १९७०

चि. व्हर्लास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल उतरलो. हॅल्व्हरनी पाण्यात झोपवलं, पण माझा दुखरा पाय वाकेना आणि अंगठा वर राहिला. साक्षीला उभ्या म्हाताऱ्याने मान हलवली, की पुन्हा. सगळं अंग बुडलं पाहिजे ना! पुन्हा बुडालो. आर्डिस पहिल्या रांगेत हसत होती की रडत होती, माझ्या नाकात पाणी असल्याने कळलं नाही.

तू सांगितलंस तसं मी विचारलं होतं, टर्कींच्या आवारात, उभ्यानेच. टर्की काही गप्प बसल्या नाहीत, पण माझे प्रश्न गप्प झाले. एवढंच सांगता येईल.

नव्या माणसाला मंदिरात जायला वर्षभर थांबावं लागतं. तोवर तू येशीलच. आमच्याबरोबर तुलाही तिथे गुडघे टेकायचे आहेत, मला लेकसुद्धा कायमचीच हवी आहे.

आज जेवणानंतर आर्डिसला रीतसर मागणी घातली. म्हटलं, तेव्हा मरेपर्यंत म्हणालो होतो, ते आता मला पुरत नाही. पुढेही राहशील का माझ्याबरोबर? तिने आधी सगळी भांडी पुसून घेतली. व्हर्ला, तरुणपणी विचारलं तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

हो म्हणाली.

तुझा,
बाबा