जगाची भाषा, स्टोव्हची ऊब

ती. ताईस,
धाकट्याचा नमस्कार. मी ठणठणीत आहे. खोलीही उबदार आहे. आईचा खोकला कसा आहे?

दर बुधवारी एस्पेरांतो शिकायला जातो. जगाची भाषा म्हणे! जग म्हणजे आम्ही पाच टाळकी, तीही वर्गात स्टोव्ह पेटतो म्हणून येणारी.

मास्तरांनी मिशीला पीळ देत सांगितलं, "मांजर उंदराला पकडतं ना? मग उंदराच्या शब्दाला 'न' जोडा आणि शब्द हवे तसे फिरवा, अर्थ तोच!" डोंबलाचा शोध! आपलं शेंबडं पोरही 'ला' लावून हेच करतं.

काल त्यांनी विचारलं, "कोणाला भेटावंसं वाटतं?" मी त्या भाषेत नुसतं 'बहीण' म्हणालो, शेवटचा 'न' राहिला. मास्तर खेकसले, "अर्थच लागत नाही!"

आमच्या पाचांतल्या न्हाव्याला मात्र लागला. त्याने उठून स्टोव्हजवळची आपली खुर्ची मला दिली.

तुझा,
धाकटा