आत्याच्या पत्रिकेचं गॅस्केट

रोडपाली,
ता. २० मे २००९

तीर्थस्वरूप सोनाबाई आत्या यांस,

भगवानचा रोडपालीहून वाकून नमस्कार. (जवळ येऊन वाकायचं धाडस होत नाही, तुझा हात अजून जोरात चालतो.) गुडघे कसे आहेत? कोंबड्या अंडी देतात की नुसत्याच फिरतात? इकडे आम्ही सगळे ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण ठीक असतो तर पत्र लिहायला बसलो नसतो. 'यांस' वगैरे शोभेसाठी लिहिलं. पुढे 'तू'च लिहितो, नाहीतर हे माझं पत्र आहे हे तुला पटायचं नाही.

माझ्या अंकिताच्या लग्नाला तुला बोलावणं आलं नाही. माझ्या लग्नात धवलारीण तूच होतीस, माझ्या बहिणींच्याही. तासन्‌तास धवले गाऊन तू आम्हाला संसाराला लावलंस, आणि माझ्या पोरीच्या मांडवात तू नाहीस. 'भगवानला आता मी नको हाय,' असं तू ओटीवर बसून म्हणालीस, तेही माझ्या कानावर आलं. आता काय घडलं ते ऐक.

लग्नाला आठ दिवस होते. धवलारणीला नारळ, सुपारी आणि पत्रिका हातात देऊन बोलवायचं, त्याशिवाय ती मांडवात पाय ठेवत नाही, ही आपल्या घरची रीत. म्हणून तिन्ही वस्तू घेऊन मी एकटाच जीपने तुझ्याकडे निघालो. गव्हाण फाटा अगदी समोर दिसत असताना बॉनेटमधून वाफ यायला लागली. उघडून बघतो तर थर्मोस्टॅटचं झाकण (इंजिनातलं गरम पाणी तिथून रेडिएटरकडे जातं) कडेने गळत होतं. झाकणाखालचं कागदी गॅस्केट कुजून गेलं होतं. जीपखाली पाणी पडतंय, काळूराम मेकॅनिकला दाखवा, असं भावना महिनाभर सांगत होती. नवऱ्याने बायकोचं ऐकायचं नाही असं ठरलेलंच असल्यामुळे मी म्हणालो, ते एसीचं पाणी. (जीपला एसी नाही.)

शहाणा माणूस जीप तिथेच सोडून तुझ्याकडे चालत आला असता. पण पान्यांची पेटी जवळ असली की माझ्या अंगात येतं. इंजिन गार होऊ दिलं, दोन बोल्ट काढले, जुनं गॅस्केट खरवडलं आणि नवीन कापायला जाड कागद शोधू लागलो. गाडीत जाड कागद एकच होता. म्हटलं, नुसता कोपरा घेऊ. पत्रिका झाकणाच्या तोंडावर धरून हातोडीने हळूहळू कडा ठोकत गेलो, तर कोपरा पुरेना, आणि मधलं भोक नेमकं 'अगत्य येण्याचे करावे' वर आलं. गणपती मात्र वाचवला, कपाळाला लावून खिशात ठेवला. ग्रीस लावून बोल्ट आवळले. रेडिएटरला बाटलीतलं पाणी कमी पडलं म्हणून तुझा नारळही फोडला. सुपारी मी विचार करता करता खाल्ली. मग रिकाम्या हातांनी तुझ्या दारात काय येणार, म्हणून जीप वळवली. काळूरामने नंतर बघितलं आणि म्हणाला, 'दादा, पत्रिकेचा हाय ना, चार दिस टिकल.' आज अठरा दिवस झाले, एक थेंब गळत नाही. आयुष्यात मी केलेलं एकच काम टिकलं, ते हे.

मांडवात धवल्यांची सीडी लावली. ती तिसऱ्या धवल्यात अडकली आणि एकच ओळ सतरा वेळा गायली. खांदा कॉलनीची वरपक्षाची मंडळी हात जोडून उभी, त्यांना वाटलं आमच्यात रीतच तशी आहे. अंकिता हळदीच्या अंगाने सारखी मांडवाच्या दाराकडे बघत होती. तिचं ते बघणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आत्या, मी चुकलो. फार चुकलो.

तुझा, मार खायला तयार,
भगवान

ता. क. पत्रिका घरात अजून चाळीस होत्या. नारळांची तर दोन पोती होती. दुसऱ्या दिवशी आलो असतो तरी चाललं असतं. खरं असं की आमचा मितेश म्हणाला होता, 'पप्पा, आत्याआजी तीन तास गाते, सासरचे लोक बोअर होतील.' मी त्याला गप्प केलं नाही. रस्त्यात गॅस्केट गेलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. वरचं सगळं लिहून झालं, पण लिहायचं होतं ते एवढंच.

आणखी एक. तुला वाचता येत नाही हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पत्र अंकिताच्या हाती दिलंय, तीच तुला वाचून दाखवतेय. आत्याआजीचा घसा बसलाय म्हणून ती आली नाही, असं मी तिला लग्नात सांगितलं होतं. अंकिता, आता तुलाही कळलं. थांबू नकोस बाळा, पुढे वाच. आत्या, पोर तुझ्यासमोर बसलीय, तिच्यासाठी एक धवला म्हण. मी आत येत नाही. कुंपणाबाहेर उभा आहे, इथून ऐकू येतं.