तारेवरून आलेला झटका

आबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. आज सकाळपासून पलूसचं आपलं रेडिओ दुरुस्तीचं दुकान डोळ्यांसमोर आहे. मी कॉलेजात, आणि माझी पहिली विज्ञानकथा तुम्हाला वाचून दाखवतेय. कथेत आकाशात फार उंचावर अणुबॉम्ब फुटतो, विद्युतचुंबकीय झटका बसतो आणि क्षणात गाड्या थांबतात, विमानं कोसळतात, माणसांच्या हातातले टॉर्चसुद्धा विझतात. सैन्याच्या सिग्नल दलात, बिनतारी संदेशांच्या कामात वीस वर्षं काढलेले तुम्ही उघडा रेडिओ बाजूला सारून म्हणता, “आगं, टॉर्च कसा विझंल? बॉम्बची किरणं हवेतलं इलेक्ट्रॉन उडवत्यात, पृथ्वीचं चुंबक त्यास्नी वळवतं, त्यातनं झटका निघतो. पर त्यो धरायला लांब तार लागती. लाईनीला जोडलंय ते आदी जळंल.”

“मग माणसं कशानं मरतील?”

“त्या टायमाला कळणार बी न्हाई. आवाज न्हाई, काय न्हाई. मागनं नळाला पाणी येणार न्हाई, दवाखाना चालणार न्हाई. ते लिही.”

मला तेव्हा तुमचा लय राग आला होता.

यंदा मे महिन्यात, आष्ट्याच्या घरी, दुपारी मी कॉम्प्युटरवर त्याच विषयावरची कादंबरी लिहीत होते. शेजारच्या खोलीत आई ऑक्सिजनच्या मशीनवर. गल्लीतल्या तारांवर वीज पडली. बॉम्ब नव्हे, साधी वळवातली वीज; पण झटका तारेवरूनच घरात शिरला. मशीन जळालं, घरातला सिलिंडर संपलेला, टॉवर बंद पडल्यानं फोनला रेंज नाही. आईचे ओठ निळे पडत चालले. ती म्हणाली, “तुज्या आबास्नी बोलीव.”

शेजारच्या मोटार रिवाइंडिंगवाल्या चाचांनी जीप काढली. रस्ताभर माणसं दारांत उभी होती, हातात मुके फोन घेऊन, वर बघत. दवाखान्यात जनरेटरवर दोनच दिवे होते, पण ऑक्सिजन मिळाला. आई वाचली. मात्र ढग आले की अजून ती आधी माझ्याकडे बघते.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणूनच लिहू शकतेय. आबा, गडगडायला लागलं तेव्हा मी उठले होते. मशीन बंद ठेवलं तरी पाच मिनिटं ती काढू शकते, हे मला ठाऊक होतं. तरी मी आधी माझ्या कॉम्प्युटरची पिन काढली; मशीनच्या पिनेकडे वळेपर्यंत वीज पडली. मधलं दार उघडं होतं.