आठ कडव्यांचं मिनिट

ता. ३ मार्च

चि. धाकटीस,
दादाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

आज दुपारी एक फार जुना आवाज ऐकला. आपल्या शाळेच्या लांबट खोलीत चाळीस पोरं एका सुरात कविता म्हणताहेत आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक बारीक आवाज अर्धा शब्द मागून येतोय. तो तुझा. गुरुजी म्हणायचे, ही कवितेच्या मागे नाही पडत, कविताच हिला टाकून पळते. डोळे उघडले तर शाळा नव्हती. मांडीवर पुरचुंडी झोपली होती आणि तिचा श्वास तसाच, अर्धा शब्द मागून येत होता. पूर्ण ओळ नाहीच. मध्येच यतिभंग.

फोनवर तुला ऐकू येईनासं झालं आणि आपली पत्रं पुन्हा सुरू झाली, हे तुझ्या कानांचे उपकारच. तर बातमी अशी की पुरचुंडीचं हृदय मोठं झालंय. मोठ्या मनाची ती होतीच, आता डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढून पुरावाही दिला. एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतं, फुप्फुसात पाणी साचतं. कॅव्हेलियर किंग चार्ल्स जातीचं कुत्रं म्हटलं की हे घरोघरी, असं त्या म्हणाल्या. बरं होणार नाही, लांबवता येईल. त्यासाठी पाणी काढणारी गोळी दिली आणि मला एक काम लावून दिलं. ती गाढ झोपली की मिनिटाला किती श्वास घेते ते रोज मोजायचं. तिसाच्या आत असले तर ठीक. चाळिशीला टेकले तर त्याच दिवशी गोळी वाढवायची आणि तिला घेऊन त्यांच्याकडे धावायचं.

आता गंमत ऐक. जन्मभर लोकांना चष्मे करून दिले, आणि माझ्याच चष्म्यातून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दिसतो तेव्हा मांडीवरची बरगडी दिसत नाही. काट्याकडे बघत हाताने मोजायला गेलो तर सेकंद आणि श्वास एकमेकांत मिसळतात. म्हणून मी डोळे मिटतो, हात तिच्या कुशीवर ठेवतो आणि मनात नदीची कविता म्हणतो. आठ कडवी, बरोबर एक मिनिट. स्पर्धेसाठी गुरुजींनी हातात घड्याळ धरून महिनाभर घोटून घेतली होती, एक सेकंद इकडे नाही की तिकडे. कविता ओठांत आणि श्वास बोटांवर. आज सव्वीस भरले. डॉक्टरीणबाईंच्या हिशेबात आम्ही पास.

तुझ्या वहिनीला वृद्धनिवासात जाऊन सात महिने झाले. मला ती आता ‘चष्मेवाले’ म्हणते, अगदी अदबीने, आणि बसायला खुर्ची देते. पन्नास वर्षांच्या संसारात इतका मान मला प्रथमच मिळतोय. पुरचुंडीला मात्र ती विसरलेली नाही. दर गुरुवारी एकच प्रश्न, ती कुठे आहे. मग दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवून बसते, गाडीत कुणासाठी जागा धरून बसावं तशी. मी व्यवस्थापिकाबाईंकडे अर्ज दिलाय, कुत्रीला एकदा आत आणू द्या, नाहीतर हिला तासभर घरी पाठवा. तेवढी भेट होईपर्यंत पुरचुंडी टिकली पाहिजे. यापुढे स्वतःसाठी मला काही मागायचं नाही.

कान सांभाळ. उरलेत तेवढे तरी.
तुझा,
दादा

ता. ११ मार्च

ती. दादास,
धाकटीचा वाकून नमस्कार. कंबर धरल्यामुळे अर्धाच वाकले आहे, गोड मानून घे. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा नाही. आधी भांडून घेते. कवितेवर औषधं चालत नसतात रे. गुरुजींचं घड्याळ खरं होतं हे मान्य, पण तू आता बारा वर्षांचा नाहीस. शेजारच्या कुणाला तरी मिनिटभर काट्याकडे बघत बसायला सांग. इतक्या वर्षांत तू लोकांच्या नाकावर कमी का उपकार केलेत?

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. तीस वर्षं मी मांडीवरची कुत्री वाढवली आणि विकली. शेकडो वर्षं माणसाने या जिवांना एकच काम शिकवलंय, ऊब देत बसून राहायचं. पळायला नको, राखण करायला नको. डोळे मोठे हवेत आणि कपाळ गोल हवं, बाकी आतलं कुणी बघत नाही. मीही बघितलं नाही. पुरचुंडीची आई पाचव्या वर्षीच खोकायला लागली होती. मला कळत होतं ते काय आहे. तरी मी तिचं आणखी एक वेत घेतलं, कारण तिच्यासारखे डोळे माझ्याकडे दुसऱ्या कुणाला नव्हते आणि गिऱ्हाइकं डोळे बघूनच हात पुढे करतात. त्या वेतातली ही. रुमालात बांधून वहिनीच्या मांडीवर ठेवली आणि गाठ सोडली. वहिनी इतकी हसली की मी म्हटलं, जाऊ दे, नंतर सांगू. त्या नंतरला आठ वर्षं झाली.

म्हणजे तुझ्या बोटांखाली जे अडखळतंय ते माझ्या हातचं आहे. रागावलास तर रागावल्याचं तरी पत्र टाक. नुसता गप्प बसू नकोस.

लोभ होता तेवढाच ठेव, वाढवायला सांगायचं तोंड नाही.
तुझी,
धाकटी

ता. २४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद, आणि रागातला एकही नाही. वि. वि.

तू तेव्हा सांगितलं असतंस तरी वहिनीने गाठ पुन्हा बांधून पिलू परत दिलं असतं का? मला तर वाटतं, तिने आणखी घट्ट धरलं असतं. तिने माझ्याशी लग्न केलं तेव्हाही आपल्या बापाने माझा दमा लपवलाच होता. हे आपल्या घराण्याचं वळण आहे, एकट्या तुझा दोष कुठून आणू?

बातमी चांगली नाही. व्यवस्थापिकाबाईंनी लेखी नकार दिला. मागे कुणीतरी मांजर आणलं होतं, त्याला अडखळून एक आजी पडल्या, तेव्हापासून प्राणी बंद. आणि घरी पाठवायचं तर सोबत माणूस लागतं, माणसं कमी आहेत. अर्ज पुन्हा करू नये, असंही खाली लिहिलंय. ते पत्र माझ्या हातात दिलं तिथल्या उंच परिचारिकेने. तिला सगळे जिराफ म्हणतात आणि ती ओ देते. पण पत्र देताना तिची मान इतकी खाली गेली की मीच तिला म्हटलं, असू दे पोरी, नियम आहेत.

वहिनीने त्या दिवशीही विचारलं. मी म्हटलं, येईल. दुसरं काय सांगू?

पुरचुंडी आता जिना चढत नाही. खाणं चमच्याने. फोन वाजला की दचकते आणि खोकत सुटते, म्हणून रिसीव्हर काढूनच ठेवलाय. दिवसभर आम्ही दोघं खिडकीजवळच्या खुर्चीत असतो. शेजारच्या बाईंना काटा बघायला बोलावलं होतं, तुझं ऐकलं म्हणून. पण परकं माणूस आलं की ही जागी होते आणि जाग्या श्वासाचा काय उपयोग? तेव्हा आपली नदीच बरी. दुपारी ऊन तिच्या कानांवर येतं, मी डोळे मिटतो आणि निघतो. डोंगराच्या कुशीतला उगम, मग काळा खडक, मग पाण्यावर आलेली हरणं, मग हिरवं कुरण, मग तो खारा वारा आणि शेवटी समुद्र. काय सुंदर रचलीय गं, कुठे एक मात्रा सांडत नाही. समुद्राशी पोचतो तेव्हा बोटांचा आकडा तयार असतो. परवा अठ्ठावीस, काल आणि आज एकोणतीस. तिसाच्या आत आहोत. तुझ्या काळजीला तेवढाच टेकू.

भेट आता कशी होणार कळत नाही, पण ती टिकली तर काहीतरी वाट निघेल, असं रोज स्वतःला सांगतो.

पत्राची वाट बघायला लावू नकोस. आम्ही दोघंही फार चालत नाही, फक्त वाट बघतो.
तुझा,
दादा

ता. ३० मार्च, तातडीने

दादा,

नमस्कार राहू दे. आज सकाळपासून चार वेळा फोन लावून घेतला, तुझा फोन लागत नाही. म्हणून हे तातडीच्या टपालाने.

तुझ्या नदीत पूल कुठे आहे? होडीवाला कुठे आहे? कुरणानंतर दगडी पूल येतो, त्याची सावली पाण्यात हलते. मग होडीवाला, जिथे मी नेहमी मागे पडायचे आणि सगळा वर्ग हसायचा. तुझी नदी कुरणातून उठली आणि थेट खाऱ्या वाऱ्यात जाऊन पडली. तू सहा कडवी म्हणतो आहेस दादा. आठ नाहीत.

मी घड्याळ समोर ठेवून मोठ्याने म्हणून बघितली. आठ कडव्यांना एक मिनिट. तुझ्या सहांना पंचेचाळीस सेकंद. म्हणजे तुझे एकोणतीस ते एकोणचाळीस आहेत. अठ्ठावीस होते तेव्हाही ते सदतीस होते. पत्र हातात पडल्याबरोबर तिला उचल आणि डॉक्टरणीकडे जा. मला उत्तर लिहीत बसू नकोस.

ती दोन कडवी मागच्या बाजूला लिहिली आहेत.

धाकटी

ता. ४ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि. काय करणार, लिहितोच.

तुझं तातडीचं पत्र परवा दुपारी पोचलं. पुरचुंडी त्याच्या आदल्या दिवशी गेली.

नेहमीची वेळ होती. ऊन तिच्या कानांवर आलं होतं. मी मोजायला लागलो, कुरणापर्यंत वीस झाले, म्हटलं जरा घाई करते आहे आज. समुद्राशी पोचलो तेव्हा तीस. म्हटलं, हद्दीवर आलो, पण अजून हद्दीत आहोत. खात्री करावी म्हणून पुन्हा उगमापासून निघालो. खडकापर्यंत दोन श्वास लागले. हरणांपाशी एकही नाही. मी तशीच पुढे म्हणत राहिलो, समुद्रापर्यंत. मध्येच सोडून देणं बरं वाटलं नाही.

डॉक्टरीणबाईंना तुझं पत्र दाखवलं. दोन आठवडे आधी गोळी वाढवली असती तर काय झालं असतं, ते मी विचारलं. विचारायला नको होतं. कदाचित उन्हाळा काढला असता, म्हणाल्या. त्या चांगल्या आहेत, ‘कदाचित’ त्यांनी फार हळू म्हटलं.

तू स्वतःला लावून घेऊ नकोस. झडप तू दिलीस असं तू म्हणशील, पण मोजणी माझी होती.

मागच्या बाजूची दोन कडवी वाचली. पुलाची आणि होडीवाल्याची. दहा वेळा वाचली असतील. धाकटे, ती मला कधी येत होती असं वाटतच नाही. कुणीतरी दुसऱ्याच कवितेतून आणून चिकटवल्यासारखी दिसतात. तुझं अक्षर आहे म्हणून विश्वास ठेवतो. वृद्धनिवासात अर्ज करू नये असं त्यांनी कळवलंय खरं, पण मला आता वेगळ्या कारणासाठी एक करावा लागेल असं दिसतंय.

तिला मागच्या अंगणात ठेवलं. शेजारच्या बाईंनी खड्डा खणून दिला, मला वाकवेना. किती लहान खड्डा लागला, बाईंनाच कसंतरी झालं. खुर्चीत बसलो की हात आपोआप मांडीवर जातो आणि पँटच्या कापडाला लागतो.

उद्या गुरुवार. वहिनी विचारेल. मी ठरवलंय, झोपली आहे म्हणून सांगायचं. पुढच्या गुरुवारीही झोपलेली, त्याच्या पुढच्याही. वहिनी एका गुरुवारचं दुसऱ्या गुरुवारी लक्षात ठेवत नाही, हे एक काम देवाने तिच्या बाबतीत चांगलं केलं. खोटं बोलणं जमेल मला. आपल्या घराण्याचं वळण आहे, असं मीच तुला

मध्येच थांबलो होतो. फाटकाशी टॅक्सी उभी राहिली म्हणून खिडकीतून बघितलं. त्यातून जिराफ उतरली, साध्या कपड्यांत. आज तिची सुट्टी असणार. मला बघून तिने लांबूनच ओठांवर बोट ठेवलं, कुणाला न विचारता केल्यासारखं, आणि हसली. मग तिने दुसऱ्या बाजूचं दार उघडून हात पुढे केला.

वहिनी आली आहे. केस नीट विंचरलेले, अंगात तो निळा स्वेटर. जिराफ टॅक्सीवाल्याशी बोलते आहे. वहिनी कुणाच्याही मदतीशिवाय फाटकातून आत आली, घर बरोबर ओळखलं, पायऱ्या चढली. बेल वाजवत नाही. दाराला कान लावून उभी आहे, आतून फरशीवर नखांचा आवाज येईल म्हणून.