पिंपातले बूट

बदलापूर, १२ जानेवारी

प्रिय मीनाताईस, रूपेशचा सा. न. बाकीचं वि. वि. नंतर, आधी माझं कांड ऐक.

मी माझ्या वर्गातल्या देऊची वाट लावली. फोन बाबांकडे असतो, म्हणून हे पत्र शेजारच्या हेमंतदादाकडे देतोय. तो तसाही रोज तुमच्या कॅम्प चारला कामाला येतो.

आमच्या उन्नती मॅडम इंग्लिशचं कार्ड देतात. त्यावर काम लिहिलेलं असतं. वाचायचं आणि करायचं, बस. सरबत बनव, झाडाला पाणी घाल. अर्थ कुणाला विचारायचा नाही. डोंगरावरच्या वाडीतला देऊ कायम दुसऱ्याचं बघून करायचा. म्हणून मी मॅडमच्या अक्षरात एक कार्ड लिहून त्याला एकट्यालाच सरकवलं: ऑफिसबाहेरचे सगळे बूट पाण्याच्या पिंपात टाक. म्हटलं, बसेल येड्यासारखा, फुल टाइमपास. तर त्याने एकेका शब्दावर बोट ठेवलं, उठला, आणि टाकले ना! आत तपासणीचे साहेब बसलेले, बूट त्यांचेच.

हेडसरांनी त्याला घरी धाडलं. त्याचा बा म्हणाला, शिकून हेच करायचं तर चल वीटभट्टीवर. मला हसू येत नाही, रडू पण नाही. जेवतो, झोपतो. भावोजींना नमस्कार.

तुझा रूपेश

कॅम्प ४, उल्हासनगर, १५ जानेवारी

चि. रूपेश यास आशीर्वाद, आणि एक धपाटा उधार.

तुझे भावोजी पत्र वाचून आधी हसले, मग विचारत बसले की त्या पोराचं काय. माकडा, दर वेळी मी तुला वाचवलं. आता नाही. एकदा भट्टीवर गेलेलं पोर परत शाळेत येत नाही. उद्याच मॅडमना सांग. आईला मी काही बोलत नाही. जेवण नीट कर.

तुझी ताई

बदलापूर, २० जानेवारी

ताईस सा. न.

सांगितलं. वाटलं, कानाखाली बसणार. मॅडमनी एवढंच विचारलं, पूर्ण कार्ड त्याने एकट्याने वाचलं का. मी हो म्हटलं. मग मॅडमनी हेडसरांना सांगितलं की ते कार्ड त्यांनी स्वतःच लिहिलं, चूक त्यांची. मी मधे बोलायला गेलो तर दटावलं, की तुझा पण दाखला हातात देतील, वर्गात जा.

आता कार्डं बंद. मॅडमना पहिलीवर टाकलं. पण त्या वाडीवर जाऊन देऊच्या बाला समजावून आल्या. देऊ परत आलाय, माझ्याच बाकावर बसतो. ते कार्ड खिशात घालून फिरतो. सगळ्या वाडीला सांगत सुटलाय की सगळ्यात कठीण कार्ड मॅडमनी मलाच दिलं. मी मान हलवतो. आत काहीच होत नाही, नुसता दगड.

ताई, पाया पडतो, कुणाला बोलू नको. आईला कळलं तर मार खाईन, चालेल. पण देऊच्या कानावर जाऊ देऊ नको. माया आहे तेवढी ठेव आणि तोंड बंद ठेव, प्लीज.

तुझा रूपेश