लाल लोकरीची वाट

माझे लाल हातमोजे बसमध्ये राहिले, असं तू माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून, माझ्या डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं होतंस. पंधरा वर्षं मी ते खरं मानलं. बसच्या ड्रायव्हरला दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा त्याच्या बायकोला विचारलं, आणि हातमोजे त्यानंच लाटले हा संशय त्याला मातीत पुरलं तोपर्यंत मनात ठेवला. त्या गरीब माणसाची माफी आता मी कुठे जाऊन मागू?

प्रिय टोवे,

मी आजारी नाही आणि मरायलाही टेकलेली नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तू घाबरून मधली पानं सोडशील आणि थेट शेवट वाचशील. शाळा मला एक दिवसाआड होती, त्यातही निम्मे दिवस गुरांमागे गेले, तेव्हा अक्षर जसं आहे तसं वाच. तू सिल्येला घेऊन डेन्मार्कला परत गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. सिल्ये दर उन्हाळ्यात येते, आजीच्या हातचं खाते आणि वीतभर वाढून जाते. तू येत नाहीस. स्टाइनार माझ्या पोटचा आहे, पण त्याच्याबरोबर संसार म्हणजे ओंडक्याशी गप्पा, हे मला ठाऊक आहे. तू गेलीस म्हणून मी तुला कधी दोष दिला नाही. म्हणजे दिला, पण मोठ्यानं नाही. बरं, मोठ्यानं दिला असेल, पण रोज नाही.

यंदा इथे बर्फ नाही. नॉर्वेत राहून हे वाक्य लिहायची लाज वाटते. नोव्हेंबरभर पाऊस पडला, नाताळात अंगणातलं गवत उघडं होतं, आणि जानेवारीत नुसतं गोठलं. तळं काळ्या काचेसारखं झालंय, जंगलात दिवसभर धुकं, आणि सगळं खोरं झोपेत कूस बदलायचं विसरल्यासारखं पडून आहे. माणसं मेण लावलेल्या स्की दारात उभ्या करून खिडकीतून आभाळाकडे बघत बसतात. कुणी कुणाशी धड बोलत नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी मुलांचा स्की-दिवस असतो, तुला आठवत असेलच. एकोणसत्तर वर्षांत एकदाही चुकलेला नाही. पण एगिल, स्कीच्या वाटा राखणाऱ्या आपल्या मंडळाचा प्रमुख, तोच, ज्याच्या नाकाच्या टोकाला कायम थेंब असतो, तो म्हणाला की यंदा मुलांना बसनं शहरात नेऊ, तिथे यंत्रानं बर्फ पाडलाय. मी पाहून आले आहे तो. चिखलातून गेलेला एक पांढरा पट्टा, आणि त्यावर माणसं घाण्याला जुंपल्यासारखी गोल गोल फिरतायत. शाळेत आता नऊच मुलं उरली आहेत. एकदा हा दिवस शहरात गेला की तो परत येत नाही, हे कळायला शिकावं लागत नाही. मी एगिलला सांगितलं की बर्फ मी शोधते. तो म्हणाला, "गुनवोर, बर्फ म्हणजे काय हरवलेली मेंढी आहे?" मी म्हटलं, हरवलेली मेंढीसुद्धा तू आजवर शोधून आणलेली नाहीस.

मग रोज सकाळी न्याहारी झाली की स्की खांद्यावर टाकून मी निघायची. एक्याऐंशी वर्षांची बाई, पायाखाली ओलं शेवाळ आणि खांद्यावर स्की. स्टाइनार दारातून म्हणायचा, "आई, स्कींना हवा खायला नेतेस का?" अकरा वर्षांत त्यानं केलेला हा पहिला विनोद, म्हणून मी त्याला माफ केलं. बर्फ डोळ्यांनी शोधायचा नसतो. खडकाळ वाटेवर हातभर बर्फ लागतो, कुरणावर वीतभर, आणि गोठलेल्या सपाट दलदलीवर चार बोटं पुरतात. आणि थंडी पाण्यासारखी असते, उतारानं वाहते आणि खळग्यात साचते. म्हणून मी गुडघ्यांवर भरवसा ठेवला. जिकडे गुडघे जास्त कुरकुरले तिकडे वळत गेले.

सहाव्या दिवशी मी अस्वलटेकडीच्या मागे उतरले. एगिलचं वाट दाबायचं यंत्र टेकडीच्या उन्हाच्या बाजूनं जातं, कारण तिकडून देखावा दिसतो. मागच्या अंगाला लाकूडतोड बंद झाल्यापासून कुणी फिरकत नाही, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ऊनही फिरकत नाही. उतरता उतरता श्वास बदलला. नाकातले केस ताठ झाले. धुक्यात आवाज असे बुडाले की माझ्याच पावलांचा आवाज दुसऱ्या कुणाचा वाटायला लागला. आणि स्प्रूसच्या खोडांमधून मला काहीतरी पांढरं दिसलं, कुणी चादर वाळत घालून विसरून गेल्यासारखं. मी जवळ गेले. ती चादर संपेना. दलदलीवरून, भूर्जांमधून, पुढे पुढे पसरतच गेली होती. कोरडा, बारीक, वर्षातला पहिला असावा तसा बर्फ. मी काठी रोवून पाहिली. चार बोटं नाही, चांगला वीतभर होता.

स्की चढवल्या आणि निघाले. या वयात बाई सरकत नाही, तिला सरकवलं जातं, असं वाटावं इतकं ते सहज होतं. किती वेळ गेले कुणास ठाऊक. मग एका भूर्जाच्या फांदीवर काहीतरी लोंबताना दिसलं. माझ्या डोक्याच्याही वर. मला वाटलं वाळलेलं पान असेल. काठीनं फांदी खाली ओढली तर लोकर निघाली. रंग उडून पातळ चहासारखी झालेली, पण गाठीच्या आत, जिथे ऊनपाणी पोचलं नव्हतं, तिथे अजून लाल. आणि लाल धाग्याबरोबर पिळलेला एक राखाडी धागा. असा पीळ या खोऱ्यात फक्त मी घालते. गाठ बघितली आणि मी तिथेच उभी राहिले. कोळ्याच्या पोरीची गाठ, मासेमारीच्या जाळ्याला मारतात ती. तू खुराकाच्या पोत्यांना मारायचीस तीच, ज्यावरून मी तुला सतरा वेळा बोलले असेन, की बाई, ही गाठ सोडवायला कुऱ्हाड लागते.

पुढच्या झाडावर दुसरी. त्याच्या पुढे तिसरी. सगळ्या माझ्या डोक्यावर. तू काही उंच नाहीस, टोवे, माझ्या खांद्याला लागतेस. मग कळलं. त्या वर्षांमध्ये बर्फच तेवढा होता. तू जिथून गेलीस तिथे आता नुसती हवा आहे. मी तुझ्या स्कींच्या खालून चालले होते, तळ्याच्या तळाशी चालावं तशी, आणि वर धुक्यात तुझी वाट झाडाझाडावरून पुढे जात होती.

वाट बघितली की माणूस कळतो. सुरुवातीला तुझी वाट जरासा चढ आला की वळसा घ्यायची, उतार दिसला की दुसऱ्या बाजूनं निघून जायची. घाबरलेल्या माणसाची वाट. मला आठवलं, लग्नानंतरच्या पहिल्या स्की-दिवशी तू पहिल्याच उतारावर पडलीस, उठलीस आणि परत पडलीस. आणि मी सूपाच्या पातेल्यापाशी उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं की हिच्या देशात सगळ्यात उंच डोंगर म्हणजे शेणाचा ढीग. लोक किती हसले. ते वाक्य मी पुढे दर वर्षी म्हटलं. लोक मागायचेच. तू पण हसायचीस. दुसऱ्या हिवाळ्यापासून तू "मी सूप बघते" म्हणायला लागलीस, आणि मला वाटलं, आळशी आहे पोरगी. रोज दुपारी सिल्येला घसरगाडीत घालून बाहेर झोपवायला न्यायचीस, दोन दोन तास यायची नाहीस, तेव्हा मला वाटायचं की एगिलच्या बायकोकडे कॉफी ढोसत बसली असेल. आणि हाल्वोर सकाळी गोठ्यामागे कुणाच्या स्कींना मेण लावायचा, हेही आता कळलं. बेचाळीस वर्षं माझ्याशी संसार करून तो माणूस एक गुपित पोटात घेऊन गेला. मी त्याच्या थडग्याशी जाऊन चार शब्द सुनावले आहेत.

पण मग वाट बदलली. लहान उतारावरून सरळ जायला लागली. पुढे जरा मोठ्यावरून. एका ठिकाणी तू दोन वाटा केल्या होत्यास, एक वळशाची आणि एक सरळ, आणि सरळ वाटेवर लोकर जास्त होती. मी एका तासात तुझे पाच हिवाळे चालून गेले. शेवटी वाट टेकडीच्या कडेला आली, आणि तिथून खाली छोट्या तळ्यापर्यंत थेट उतार. वळसा नाही, काही नाही. लोकर सरळ खाली गेलेली. मी तिथे थांबले. आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नाही, तुला सांगते, मला भीती वाटली. आणि मग मला तुझी आठवण झाली आणि राग आला, की ही डेन्मार्कची पोर जाते आणि मी थांबते? मी निघाले. अर्ध्या उतारावर पडले. साधीसुधी नाही. दोन्ही स्की वर, टोपी खाली, उताणी पडलेल्या भुंग्यासारखी. हाडं मोजली, सगळी होती. मग तशीच पडून राहिले. आजूबाजूला हसायला कुणीच नव्हतं. इतकी शांतता होती की ती शांतता मला ऐकू येत होती. मी म्हटलं, गुनवोर, शेणाच्या ढिगावरून तरी तुला उतरता येतं का?

खाली तळ्याच्या काठावर शेवटच्या भूर्जावर हातमोज्याचा अंगठा आहे. तो तू उसवला नाहीस. त्यावरची माझी रफूसुद्धा तशीच आहे. मी तो काढलेला नाही. वाटेचा शेवट आहे तो, तिथेच राहायला हवा.

दुसऱ्या दिवशी मी एगिलला तिथे नेलं. तो लोकरीकडे बघत नुसतं नाक ओढत होता. मग सगळं गाव लागलं कामाला. जिथे बर्फ विरळ होता तिथे बायका-पुरुषांनी बटाट्याच्या खोक्यांतून जंगलातला बर्फ आणून टाकला, मुलांनी पायांनी दाबला. यंत्र आत जात नाही, तेव्हा वाट स्कींनीच पाडली, जुन्या पद्धतीनं. स्की-दिवस इथेच होणार. लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, "म्हातारीला बर्फाचा वास येतो." एगिलनं फळी रंगवून आणली आणि म्हणाला की वाटेला नाव हवं, 'गुनवोरची वाट' लिहितो. आणि मी गप्प बसले. चार दिवस गप्प बसले, टोवे. लोकर सगळ्यांना दिसली होती, सगळ्यांना वाटलं ती मीच कधीतरी बांधली, आणि मी वाटू दिलं. चांगलं वाटत होतं. कॉफीबरोबर केक मिळत होता.

तू गेलीस त्या वर्षीचा स्की-दिवस मला आठवत नाही असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तू सकाळी दारात उभी होतीस, अंगात निळा स्वेटर, स्की हातात. म्हणालीस, "आज मीपण येते." मी वळूनही बघितलं नाही. म्हटलं, "तू वाटेत पडशील आणि मागच्या पोरांचा खोळंबा होईल. सूप बघ तू." तू स्की परत भिंतीला लावल्यास. हाल्वोरनं माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं सूपात मीठ जास्त झालंय. तेव्हा तुझी लोकर तळ्यापर्यंत पोचलेली होती.

काल मी एगिलला खरं सांगितलं. तो म्हणाला, "टोवे? ती डॅनिश टोवे?" मी म्हटलं, हो, तीच, आणि आधी नाक पूस. आता तो म्हणतो की माणसाला विचारल्याशिवाय त्याचं नाव फळीवर घालता येत नाही. ब्रश घेऊन बसलाय. म्हणून हे पत्र. मार्चच्या पहिल्या रविवारी, अकरा वाजता. ज्याची वाट तो मुलांच्या पुढे पहिला जातो, ही इथली रीत तुला माहीत आहे. सिल्येलाही घेऊन ये, तिनं आईला त्या उतारावरून जाताना एकदा बघायला हवं. तुझ्या जुन्या स्की माडीवर आहेत, मी मेण लावून ठेवले आहे. सूप मी बघेन. फळीवर नाव घालायचं की नाही, आणि तू येणार की नाही, दोन्हीचं उत्तर तू स्वतःच्या हातानं लिही. सिल्येनं फोनवर अंगठ्याचं चित्र पाठवलेलं चालणार नाही, आणि स्टाइनारला मध्ये घालायचं नाही. उत्तर तूच द्यायचंस, मलाच.

तुझीच (शेवटी असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं),
गुनवोर