आई मुंबईला असते

१० मे
सुमन आज बांगडे देऊन लगेच गेली नाही, पाटी उतरवून दारातच बसली. तिची सानिका चौथी पास झाली. वाडीतल्या शाळेत पुढचा वर्ग नाही, होते त्या चारही वर्गांना एकच गुरुजी. मालवणातल्या इंग्रजी शाळेत एक जागा आहे, पण मुलाखत द्यायची. मुलीने नव्हे, आईबापाने!
"वयनी, माझ्यावांगडा चला. माका थंय बोलूक जमाचा नाय."
जाऊ म्हटलं. पोरगी माझ्याच ओट्यावर बसून पाढे शिकली.

१७ मे
मुलाखत. सानिकाचा बाप बोटीवर. सुमन बाजारातून थेट आली, फाटकापाशीच थांबली. "कपड्यांक वास येता." आत मी नि सानिका. मी मावशी म्हणून. मुख्याध्यापिकाबाई गोड बोलल्या. चहासुद्धा. मग, "आई काय करते?"
मुंबईला नोकरी करते, म्हटलं मी.
का म्हटलं? माझी साडी, माझं कचेरीतलं बोलणं त्यांना पसंत पडलं होतं. त्यात मासे आणायचा धीर झाला नाही. सानिका माझ्याकडे बघतच राहिली.
बाहेर येऊन सुमनला सांगितलं, जागा मिळाली तेही नि मी काय बोलले तेही. "ता बरा केलास. चेडवाक शाळा गावली. माका आणि काय होया?"

८ जुलै
पालकसभा. गेले मीच. पालकांच्या ग्रुपवरही माझाच नंबर. इंग्रजी कच्चं, पण गणित वर्गात सगळ्यांत चांगलं, वर्गशिक्षिका म्हणाल्या. छाती फुगली. आम्हाला मूलबाळ नाही, त्या खुर्चीवर बसायचा योग कधी आला नव्हता. लिहायला लाज वाटते, पण सुख झालं.

२४ ऑगस्ट
कचेरीतून येताना बाजारातून आले. सुमन मासळी मांडून बसलेली. समोरून सानिका, गणवेशात, दोन मैत्रिणी, त्यातल्या एकीची आई. सुमनने मान खाली घातली नि बांगड्यांवर पाणी मारत राहिली. पोरगी सरळ पुढे निघून गेली.
नंतर विचारलं, तर सुमन म्हणते, "मियाच सांगलंय तिका, बाजारात हाक मारू नको म्हणान."
तिने सांगितलं खरं. पण सुरुवात माझी.

१६ डिसें.
सानिका गणितात पहिली! २१ला संमेलनात बक्षीस मिळणार, आईला स्टेजवर बोलावून दोघींचा फोटो काढणार. वर्गशिक्षिकेचा फोन: "आईंना रजा मिळेल ना?"
उद्याच शाळेत जाऊन खरं काय ते सांगते म्हटलं, तर सानिका रडायला लागली. "काकू, नको. सगळी माका खोटारडी म्हणतली."
खोटारडी मी. ती दहा वर्षांची आहे. नाही जाणार.

२० डिसें.
उद्या संमेलन. संध्याकाळी सुमन आली. पाटी नाही, हातात केळीच्या पानाचं पुडकं. आत अबोलीची वेणी, तिच्या परसातल्या फुलांची, तिनेच केलेली.
"तुमीच जावा वयनी. ही तेवडी माळा. फोटोत माजा कायतरी दिसांदे."
मला रडू आवरेना. ती मात्र कोरडीच, जाताना म्हणाली, "पाणी मारून ठेवा, कोमतली."
मागून ओरडून सांगितलं, नऊला तुझ्या दारात येते, साडी नेसून तयार राहा. वळली नाही. ऐकलं असावं.
वेणी ओल्या फडक्यात ठेवली आहे. सुमन तयार असली तर सानिकाला काय सांगू? आणि नसली तर ही वेणी मी कोणत्या तोंडाने माळू?